शिष्यवृत्तीचा अर्ज आणि आपला संकोच

दहावीचा व बारावीचा निकाल लागला, म्हणजे आमच्या शाळेच्या कचेरीपुढें दोन प्रकारचे पालक दिसूं लागतात. एक पेढ्यांचा पुडा घेऊन हंसतमुखानें येणारे, आणि दुसरे पेढे आणूनही चेहऱ्यावरची काळजी लपवूं न शकणारे. ह्या दुसऱ्या पालकांच्या मनांत एकच प्रश्न असतो: मुलगा उत्तीर्ण झाला खरा, पण आतां पुढील शिक्षणास पैसा कोठून आणावयाचा? हा प्रश्न ते आम्हांस क्वचितच विचारतात. बहुधा ते शाळा सोडल्याचा दाखला घेतात, नमस्कार करतात आणि निघून जातात. त्यांनीं तो विचारला असता, तर पुष्कळ वेळां आम्हांस त्याचें उत्तर देतां आलें असतें. तो न विचारल्यामुळें किती नुकसान होतें, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. म्हणूनच यंदाच्या वार्षिकांत ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं येथून उत्तीर्ण होऊन गेलेला एक विद्यार्थी आम्हांस बाजारांत भेटला. गणितांत तो आपल्या तुकडींत नेहमीं पहिला असे. बारावीस त्याला चांगले गुण मिळाले होते, आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेंतही तो बरा उतरला होता. परंतु आम्हांस तो दिसला, तो एका दुकानांत माल मोजून देतांना. आम्हीं चौकशी केली, तेव्हां तो म्हणाला, “सर, वर्षाची फी लाखाच्या वर होती. वडील म्हणाले, आपल्याच्यानें हें व्हावयाचें नाहीं. मग मी प्रवेशाचा अर्जच केला नाहीं.” त्याच्या घरचें उत्पन्न ध्यानांत घेतां त्या फीचा निदान निम्मा भाग सरकारी योजनेंतून मिळाला असता. ही गोष्ट त्या घरांत कोणासही ठाऊक नव्हती. महाविद्यालयाच्या फलकावर ती लिहिलेली असेलही. पण जो महाविद्यालयाच्या दारापर्यंत गेलाच नाहीं, त्याला तो फलक काय उपयोगाचा? आणि आम्हांस ती ठाऊक असून, तो आमच्यापुढें बांकावर बसत होता तेव्हां आम्हीं त्यास ती सांगितली नाहीं, हा दोष आमच्या पदरीं आहे. तो कबूल करूनच आम्ही पुढें लिहितों.

आमच्या मतें गरीब व मध्यम स्थितींतील मुलांच्या उच्च शिक्षणाच्या वाटेंत पैशाच्या अभावाइतकेच मोठे असे दोन धोंडे आहेत. एक संकोच व दुसरा अज्ञान. पैसा कांहीं प्रमाणांत दुसऱ्यांस देतां येतो. हे दोन धोंडे मात्र ज्याचे त्यानेंच उचलून बाजूस टाकले पाहिजेत.

प्रथम संकोचाचा विचार करूं. “आम्हीं आजपर्यंत कोणापुढें हात पसरला नाहीं,” असें पुष्कळ आईबाप अभिमानानें म्हणतात. हा अभिमान आम्हांस पूज्य आहे. ज्या घरांत तो असतो, त्या घरांतलीं मुलें सहसा वाईट मार्गास लागत नाहींत. परंतु हा अभिमान येथें अस्थानीं आहे. सरकारी शिष्यवृत्ति ही सार्वजनिक तिजोरींतून येते, आणि ती तिजोरी कांहीं केवळ श्रीमंतांच्या पैशानें भरत नाहीं. दुकानांतून साबणाची वडी विकत घेणारा हमालदेखील त्या वडीवरचा कर भरीत असतो. तेव्हां त्याच्या मुलाच्या शिक्षणास त्या तिजोरींतून रक्कम मिळाली, तर त्यांत उपकार कोणाचा? खाजगी निधींची गोष्ट याहून निराळी नाहीं. एखाद्या दात्यानें होतकरू मुलांसाठींच पैसा बाजूस ठेवला, आणि होतकरू मुलगा लाजेनें त्या दाराशीं गेला नाहीं, तर त्यानें दात्याचा हेतुच निष्फळ केला असें होईल.

इतिहासाकडे पाहिलें, म्हणजे हा संकोच किती निराधार आहे हें स्पष्ट होतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या विद्वत्तेविषयीं आज जगांत कोणास शंका नाहीं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत ते शिकत असतां बडोद्याचे सयाजीराव महाराज ह्यांच्याकडून त्यांस दरमहा २५ रुपये मिळत होते. १९१३ सालीं ते अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत गेले, तेही बडोदें संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर. ती दरमहा साडेअकरा पौंडांची असून तिची मुदत तीन वर्षांची होती. पुढें ती बंद झाल्यामुळें लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून १९१७ सालीं त्यांस परत यावें लागलें. तेव्हां ते हताश होऊन बसले नाहींत. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अध्यापकाची नोकरी करून त्यांनीं कांहीं पैसा शिल्लक टाकला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं साहाय्य केलें. नवल भाथेना ह्या पारशी मित्रानें कांहीं रक्कम कर्जाऊ दिली. आणि १९२० सालीं ते पुनः लंडनला जाऊन आपला अभ्यास पुरा करूं शकले. दान, कर्ज आणि स्वकष्टाची शिल्लक, असे ते तीन झरे होते. एवढ्या मोठ्या पुरुषानें आपल्या शिक्षणासाठीं ह्या तिन्हींचें पाणी घेतलें, आणि त्यामुळें त्याच्या स्वाभिमानास तिळमात्र धक्का लागला नाहीं. मग आपण कोणत्या गोष्टीची लाज बाळगावी?

ह्यावर कांहीं लोक म्हणतात, “खरी बुद्धि असली, कीं पैशावांचून कोणाचें अडत नाहीं.” हें म्हणणें ऐकावयास गोड आहे, पण तें वर सांगितलेल्या चरित्रावरूनच खोटें ठरतें. बुद्धि होती, तरी शिष्यवृत्ति संपतांच बोटीत बसून परत यावें लागलें. ज्यांचें अडलें नाहीं, त्यांचीं चरित्रें आपण वाचतों. ज्यांचें अडलें, त्यांचीं चरित्रें कोणी लिहीत नाहीं. आमचा दुकानांतला विद्यार्थी हा ह्या न लिहिलेल्या चरित्रांपैकींच एक आहे.

आतां अज्ञानाकडे वळूं. “आर्थिक साहाय्य” ह्या एका शब्दाखालीं लोक चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतात, आणि मग घोटाळा होतो. पहिली शिष्यवृत्ति, ही रोख मिळते व परत करावयाची नसते. दुसरी शुल्कमाफी, हींत हातीं पैसा येतोच असें नाहीं, पण फी कमी होते किंवा सर्वच माफ होते. तिसरें कर्ज, हें व्याजासह फेडावयाचें असतें. चौथी, शिकतां शिकतां स्वतः कांहीं मिळविणें. ह्या चारांचा क्रम आम्हीं मुद्दाम असा लाविला आहे. पहिल्या दोन वाटा पूर्णपणें धुंडाळल्याशिवाय कोणीही तिसरीवर पाऊल ठेवूं नये. परंतु प्रत्यक्षांत आम्ही उलटेंच पाहतों. घरचे लोक शिष्यवृत्तीची चौकशी न करतां थेट पतपेढी किंवा सावकार गांठतात, आणि जें फुकट मिळण्याजोगें होतें, तेंच व्याजानें घेतात.

महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यांस उपयोगीं पडणाऱ्या कांहीं प्रमुख योजना येथें सांगतों. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं असलेली भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति ही ह्या सर्वांत जुनी. ती १९४४ सालीं सुरू झाली. २०२१ सालच्या नियमांप्रमाणें तिच्यासाठीं घरच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपयांची आहे. उत्पन्न त्याहून अधिक असलें, तरी राज्याची शुल्कमाफीची निराळी योजना आहे, हें पुष्कळांस माहीत नसतें. सर्वसाधारण प्रवर्गांतील ज्या कुटुंबाचें उत्पन्न आठ लाखांच्या आंत आहे, त्याच्या मुलांस व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षणशुल्काचा व परीक्षाशुल्काचा निम्मा भाग राजर्षि छत्रपति शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ति योजनेंतून मिळतो. मुलींच्या बाबतींत ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानें एक मोठें पाऊल पडलें. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग ह्यांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क २०२४-२५ ह्या वर्षापासून पूर्णपणें माफ झालें. “मुलगी आहे, कशाला एवढा खर्च?” असें म्हणणाऱ्या बापाचें तोंड ह्या निर्णयानें बंद व्हावें, अशी आमची इच्छा आहे.

फी सुटली, तरी परगांवीं राहण्याखाण्याचा खर्च सुटत नाहीं. पुष्कळदां तोच फीहून जड होतो. त्यासाठीं नोंदणीकृत मजुरांच्या व अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांकरितां डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आणि शासकीय वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांकरितां डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ह्याशिवाय केंद्र सरकारची गुणवत्तेवरील एक योजना आहे. बारावींत आपल्या मंडळाच्या आपल्या शाखेंत वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या व साडेचार लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या घरच्या विद्यार्थ्यांनीं तिच्यासाठीं अर्ज करावा. तींत पदवीच्या पहिल्या तीन वर्षांस दरसाल १२,००० रुपये मिळतात. आणि आठवींतल्या मुलांनो, तुमचीही वेळ आतांच आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ति परीक्षेंत जो निवडला जाईल, त्यास नववीपासून बारावीपर्यंत दरसाल १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० रुपये होतात. त्यांतून पुस्तकें, वह्या आणि प्रवेशपरीक्षेची फी सहज भागते.

ह्या योजनांच्या अटींत वेळोवेळीं फेर होतो; म्हणून ज्या वर्षीं अर्ज करावयाचा, त्या वर्षींची सूचना स्वतः वाचावी. एक अट मात्र विशेष सांगण्याजोगी आहे, कारण तींत भलेभले फसतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या बहुतेक सवलती शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेंतून आलेल्या विद्यार्थ्यांसच मिळतात. घाईनें व्यवस्थापन कोट्यांतून जागा घेतली, कीं सवलत गेली. खाजगी अभिमत व स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठांसही वर सांगितलेला मुलींचा शासननिर्णय लागू नाहीं. तेव्हां प्रवेश घेण्यापूर्वींच महाविद्यालयाच्या कचेरींत असे दोन प्रश्न विचारावे: ह्या जागेवर कोणती शिष्यवृत्ति लागू होते? ती धरून प्रवेशाच्या दिवशीं मला किती रुपये भरावे लागतील? छापील फीचा आंकडा पाहून परत फिरूं नये. छापील आंकडा निराळा, आणि आपणांस द्यावी लागणारी रक्कम निराळी.

आतां कागदपत्रांविषयीं. आमचा अनुभव असा, कीं शिष्यवृत्ति हुकते ती गुणांमुळें फार थोड्यांची, बहुतेकांची कागदांमुळें. राज्याच्या बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी ह्या संकेतस्थळावर भरावे लागतात, व केंद्राचे राष्ट्रीय शिष्यवृत्ति संकेतस्थळावर. तेथें तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शिधापत्रिका, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आणि ज्यांस लागू असेल त्यांस जातीचा दाखला व जातवैधता प्रमाणपत्र हीं लागतात. ह्यांतलें एकही कागदपत्र एका दिवसांत मिळत नाहीं. निकालानंतर सर्व जिल्हा एकाच वेळीं सेतु केंद्रावर लोटतो, आणि मग रांगेंत उभें राहून मुदत निघून जाते. ज्यांस राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षणास जावयाचें आहे, त्यांनीं जातवैधतेचा अर्ज अकरावींतच करावा; बारावीच्या निकालाची वाट पाहूं नये.

नांवांतील अक्षरांचा घोळ हा ह्याहून सूक्ष्म शत्रु आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नांव, आधारपत्रावर दुसरें, आणि बँकेच्या पुस्तकांत तिसरें. माणूस तोच, पण यंत्रास तो तीन माणसांसारखा दिसतो. शाळेच्या नोंदवहींतली चूक मूल शाळेंत असेपर्यंत दुरुस्त करणें सोपें असतें. दाखला हातीं पडल्यावर तेंच काम फार कठीण होतें. म्हणून नववींतल्या प्रत्येक पालकानें एकदां शाळेंत येऊन नोंदवहींतील नांव, आईचें नांव व जन्मतारीख आपल्या डोळ्यांनीं तपासावी. मुलाचें स्वतःचें बँकखातें असावें व तें आधारक्रमांकाशीं जोडलेलें असावें, कारण रक्कम तेथेंच जमा होते. आधारास जोडलेला मोबाईल क्रमांक घरांतलाच असावा. शेजाऱ्याचा अथवा दुकानदाराचा नसावा. मोबाईलवर येणारा संकेतांक त्याच क्रमांकावर येतो, आणि नेमक्या शेवटच्या दिवशीं शेजारी गांवाला गेलेला असतो.

विद्यार्थिमित्रांनो, येथें आम्ही तुमच्याशीं दोन शब्द बोलतों. अर्ज स्वतः भरावयास शिका. सायबर कॅफेंतल्या माणसानें भरलेल्या अर्जांत कोणता प्रवर्ग लिहिला, कोणती योजना निवडली, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. परवलीचा शब्दसुद्धां त्याच्याच वहींत राहतो. जो विद्यार्थी बीजगणितांतलें समीकरण सोडवितो, त्यास हा अर्ज भरतां येणार नाहीं असें आम्हांस वाटत नाहीं. भरल्यावर तो महाविद्यालयाच्या कचेरींत मंजूर होऊन पुढें गेला किंवा नाहीं, हें पंधरा दिवसांनीं पाहा. त्रुटीसाठीं परत आला असल्यास दुरुस्त करून तत्काळ धाडा. शिष्यवृत्ति एकदां मिळाली म्हणजे जन्माची सोय झाली, असेंही समजूं नका. दरवर्षीं तिचें नूतनीकरण करावें लागतें. वर सांगितलेल्या केंद्रीय गुणवत्ता योजनेंत तर पुढील वर्षीं निदान ५० टक्के गुण व ७५ टक्के हजेरी लागते. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवा. ह्या सरकारी संकेतस्थळांवर अर्ज करण्यास फी नसते. “शिष्यवृत्ति मंजूर झाली आहे, आधीं अमुक रक्कम पाठवा,” असा निरोप आला, तर तो पाठविणारा भामटा आहे असें खुशाल समजा.

पालकांसही आम्हांस एक कडू गोष्ट सांगावयाची आहे. उत्पन्नाचा दाखला खरा असला पाहिजे. चांगली मिळकत असतांना ती दडवून थोड्या उत्पन्नाचा दाखला काढणारे लोक आहेत, आणि त्यांस त्यांत चातुर्य वाटतें. ज्या योजनांत जागा मोजक्या असतात, तेथें असा प्रत्येक खोटा दाखला एका खऱ्या गरीब मुलाचें नांव यादींतून पुसून टाकतो. शिवाय तो मुलाच्या हातानें सादर केला जातो, म्हणजे बापाचें असत्य मुलाच्या सहीनें होतें. ज्या शिक्षणाचा आरंभ असा झाला, त्यांतून सचोटीचा डॉक्टर किंवा न्यायाधीश निघावा, अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी? तसेंच, शुल्काची रक्कम मुलाच्या खात्यांत आली, तर ती महाविद्यालयाची आहे. ती घराच्या दुरुस्तीस अथवा लग्नकार्यास लावूं नये.

पहिल्या दोन वाटा पाहूनही तूट राहिली, तर कर्जाचा विचार करावा. कर्ज हें पाप नव्हे. जमशेटजी टाटा ह्यांनीं १८९२ सालीं उच्च शिक्षणासाठीं जो निधि स्थापिला, त्यांतून विद्यार्थ्यांस कर्जरूपानेंच शिष्यवृत्त्या मिळत आल्या आहेत. फेडलेला पैसा पुढील विद्यार्थ्याच्या उपयोगीं पडतो, ही त्यांतील मर्माची गोष्ट आहे. परंतु कर्ज घेणाऱ्यास त्रैराशिक आलें पाहिजे. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमास दरसाल १ लाख रुपये कर्ज घेतलें, व्याज शेंकडा १० सरळ व्याजानें धरलें, आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षानें फेड सुरू झाली. पहिल्या लाखावर पांच वर्षांचें ५०,००० रुपये व्याज होतें, दुसऱ्यावर ४०,०००, तिसऱ्यावर ३०,००० व चौथ्यावर २०,०००. म्हणजे पहिला हप्ता देण्यापूर्वींच चार लाखांचे ५,४०,००० रुपये झाले. तेच दहा वर्षांत त्याच दरानें फेडावयाचे, तर दरमहा सुमारें ७,१०० रुपये पडतात, आणि एकंदर साडेआठ लाख रुपयांच्या वर द्यावे लागतात. पहिल्या वर्षीं व्याज महिन्यास सुमारें ८३३ रुपयेच असतें. तें शिकत असतांनाच भरीत गेलें, तर पुढील ओझें पुष्कळ हलकें होतें. हा हिशोब कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं बापलेकांनीं एकत्र बसून करावा, आणि त्या शिक्षणानें मिळणाऱ्या पगारांतून तो हप्ता निघेल काय, हें स्वतःस प्रामाणिकपणें विचारावें.

कर्जांतही सवलती आहेत. नोव्हेंबर १९२४ नव्हे, नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेप्रमाणें देशांतील निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यास तारणाशिवाय व जामिनाशिवाय कर्ज मिळूं शकतें. आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांस, दुसरी सरकारी शिष्यवृत्ति अथवा व्याजसवलत मिळत नसल्यास, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकालांत व्याजाचे शेंकडा ३ सरकार सोसतें. ज्या घरांत आजही शिक्षणासाठीं दागिने मोडले जातात किंवा जमीन गहाण पडते, त्यांनीं आधीं ही चौकशी करावी.

चौथी वाट स्वकष्टाची. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, व १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह काढलें. तेथील मुलें अंगमेहनत करून शिकत. त्यांच्याच नांवानें आज सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठाच्या महाविद्यालयांत ‘कमवा व शिका’ योजना चालते. ग्रंथालयांत, कचेरींत वा बागेंत कांहीं तास काम करून विद्यार्थी आपला हातखर्च मिळवितो. महाविद्यालयांत पाऊल ठेवतांच अशा कामाची चौकशी करावी. मात्र कामापायीं व्याख्यानें बुडूं लागलीं, तर तें मिळविणें महाग पडलें असें समजावें.

विद्यार्थ्यांची व पालकांची एवढी कानउघाडणी केल्यावर शासनास व संस्थांस कांहीं न म्हणणें हा पक्षपात होईल. शिष्यवृत्तीची रक्कम पुष्कळदां वर्ष सरत आल्यावर, कधीं कधीं वर्ष सरल्यावर हातीं येते. फी मात्र प्रवेशाच्या दिवशीं मागितली जाते. सुखवस्तु घर हे मधले महिने निभावून नेतें. मजुराचें घर त्यासाठीं सावकाराकडे जातें, आणि शेवटीं आलेली शिष्यवृत्ति त्याच्या व्याजांत जिरते. भुकेल्यास जेवण दुसऱ्या दिवशीं वाढणें हें अन्नदान नव्हे. आमच्या मतें उत्पन्नाचा दाखला तपासून पहिला हप्ता सत्राच्या आरंभींच द्यावा, आणि शासनाकडून येणें असलेल्या रकमेसाठीं कोणत्याही संस्थेनें विद्यार्थ्याची परीक्षा किंवा गुणपत्रिका अडवूं नये. हें मागणें दयेचें नाहीं, व्यवस्थेचें आहे.

आणि आमच्यासारख्या शाळांचें काय? आमचें काम शालान्त परीक्षेबरोबर संपतें, ही समजूत आम्हीं टाकून दिली पाहिजे. आमची सूचना अशी, कीं दरवर्षीं दिवाळीच्या सुटीनंतर एका शनिवारीं आठवी ते दहावीच्या पालकांस शाळेंत बोलवावें. त्या दिवशीं नोंदवहीं उघडून नांवें तपासावीं, लागणाऱ्या कागदांची यादी प्रत्येकाच्या हातीं द्यावी, आणि शिष्यवृत्ति मिळवून महाविद्यालयांत शिकत असलेल्या चार माजी विद्यार्थ्यांस त्यांचा अनुभव सांगावयास लावावें. ह्या कामास निधि लागत नाहीं. एक दिवस आणि थोडी कळकळ लागते. ज्या पालकांस लिहितां वाचतां येत नाहीं, त्यांच्याजवळ शिक्षकांनीं स्वतः बसावें. आम्हीं स्वतः हें काम अंगावर घेण्यास तयार आहों.

तो विद्यार्थी पुन्हां भेटला, तेव्हां आम्हीं त्यास पत्रव्यवहारानें पदवी घेण्याविषयीं सुचविलें, व त्यानें अर्जाची माहिती मागून घेतली. त्याचीं गेलेलीं वर्षें आम्हांस परत देतां येत नाहींत. परंतु यंदा दहावीच्या वर्गांत बसलेल्या मुलांचें एकही वर्ष अजून गेलेलें नाहीं. म्हणून पालकांस आमची एवढीच विनंति, कीं दाखला घ्यावयास याल, तेव्हां कचेरींतून तसेच निघून जाऊं नका. आंत या, बसा, आणि मनांतला तो प्रश्न आम्हांस मोठ्यानें विचारा.